गॅस ग्रिल तापत नाही? रेग्युलेटर बदलण्याआधी ज्योत बघा

भाऊ, आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं, ‘हाय प्रेशर रेग्युलेटर लावू का?’ याचं, उत्तर देतो. बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल, पण हे आजच वाचा. हाय प्रेशर रेग्युलेटर लावू नका. मिस्त्रीने आणून ठेवला असेल तर परत करा. कारण पुढे सांगतो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सेलू तालुक्यात हिंगणीकडे, बोर प्रकल्पाच्या रस्त्यावर तुमच्या शेतात हुरडा पार्टी आणि जेवणाची सोय आहे. तीन बर्नरचा, झाकणाचा गॅस ग्रिल घेतला. दिवाळीत पाहुण्यांना त्यावर कोंबडी, पनीर, कणसं भाजून दिली, मस्त झाली. मग महिनाभर ग्रिल ताडपत्रीखाली होता. आता हुरड्याची गर्दी सुरू झाली, तर अर्धा तास झाकण लावूनही झाकणावरच्या तापमापकाचा काटा 130 अंशांच्या वर जात नाही. कोंबडी भाजण्याऐवजी उकडल्यासारखी होते. टाकी घरचीच 14.2 किलोची, रेग्युलेटरही घरचाच. गावातला मिस्त्री म्हणतो, प्रेशर कमी पडतंय, हाय प्रेशर लावून टाकू.

वर्धा आणि आर्वीच्या पट्ट्यात चोवीस वर्षं मी शेगड्या, ढाब्याच्या भट्ट्या आणि गेल्या काही वर्षांपासून हे ग्रिल दुरुस्त करतोय. ‘तापत नाही’ हे वाक्य रोज ऐकतो. पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. एक, गॅसच पुरेसा येत नाही. दोन, गॅस येतो पण नीट जळत नाही. तीन, नीट जळतो पण उष्णता जाळीवर टिकत नाही. तिघांचा इलाज वेगळा आहे. तुमच्या मिस्त्रीने पहिली तक्रार धरली आणि तिच्यावरही चुकीचं औषध दिलं. तुमचा ग्रिल मी पाहिलेला नाही, त्यामुळे नेमकं काय बिघडलंय ते इथून छातीठोक सांगता येणार नाही. पण तुमच्या वर्णनात दोन गोष्टी ठळक दिसतात: महिनाभर झाकून ठेवणं आणि थंडी. माझा संशय या दोन्हींवर आहे, आणि दोन्ही एकदमही असू शकतात.

एक पैसा खर्च करायच्या आधी हे करा. संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, झाकण उघडं ठेवून जाळ्या आणि बर्नरवरचे पत्रे काढा. एकच बर्नर फुल करा आणि दोन मिनिटं नुसती ज्योत बघा. ज्योत निळी हवी, बर्नरच्या छिद्राला धरून हवी, टोकाला जराशी पिवळी असली तरी चालते. आता दुसरा बर्नर लावा, पण नजर पहिल्यावरच ठेवा. मग तिसरा. दुसरा, तिसरा लावल्यावर पहिल्याची ज्योत बसत गेली, बुटकी झाली, तर गॅस मागून कमी येतोय. दोघांच्या ज्योती जोमदार असतील पण एकच बर्नर पिवळा, आळशी, काजळी सोडणारा असेल, तर दोष त्या बर्नरच्या नळीत आहे. तिन्ही सुरुवातीला चांगले जळून वीस मिनिटांनी मंदावले, तर टाकीकडे बघा. एवढ्या परीक्षेत अर्धं निदान होतं. मी कुठेही गेलो तरी पाना काढायच्या आधी हेच करतो.

आता महिनाभर झाकून ठेवण्याबद्दल. आपल्याकडे कुंभारीण माशी सगळ्यांनी पाहिलेली आहे. बारीक कमरेची, ओल्या मातीच्या गोळ्या आणून चौकटीला, फोटोच्या मागे, बंद मोटरपंपाच्या भोकात घर लिंपणारी. ग्रिलच्या प्रत्येक बर्नरला पुढच्या बाजूला एक नळी असते. कॉकच्या टोकाचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड, तिच्या तोंडात शिरतं, आणि तिथेच बाजूच्या खिडकीतून हवा आत ओढली जाते. गॅस आणि हवा या नळीत मिसळून पुढे जातात. अंधारी, कोरडी, बोटभर रुंदीची नळी. कुंभारणीला याहून चांगली जागा मिळणार नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत नागपूर–अमरावती रस्त्यावरच्या एका ढाब्यावर मला बोलावलं होतं. मालकाने आधीच रेग्युलेटर बदलला होता, पाइप बदलला होता, एक बर्नर नवा मागवला होता. मधला बर्नर तरी अर्धाच जळत होता. मी नळी काढून उन्हात धरली, तर पलीकडचा उजेड दिसेना. लांब तारेने हळूहळू कोरलं. आधी कोरडी माती पडली, मग पोळ्याचा एक कप्पा आख्खाच बाहेर आला. तो फोडला, तर आत सात-आठ लहान कोळी, पाय आकसलेले, ताजे वाटावेत असे. ही माशी कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि पिल्लासाठी साठवून ठेवते. त्या मातीच्या एका गोळ्यासाठी मालकाचे तीन-साडेतीन हजार रुपये गेले होते.

यात नुसता पैशांचा प्रश्न नाही. नळी तुंबली की गॅस पुढे जात नाही, मागे फिरतो आणि कॉकच्या पॅनेलखाली जमतो. तिथे तो पेटला तर आग पाइपजवळ आणि तुमच्या हाताजवळ असते. म्हणून नीट लक्षात ठेवा: बटणांच्या मागे वास आला, पॅनेल अति गरम लागलं किंवा खालून ज्योत दिसली, तर बाकी काही न करता टाकीचा रेग्युलेटर बंद करा. नळ्या साफ केल्याशिवाय परत पेटवू नका.

साफ करायला फार काही लागत नाही. टाकी काढून बाजूला न्या, ग्रिल पूर्ण थंड होऊ द्या. बर्नर सहसा एका स्क्रूवर किंवा पिनेवर बसलेला असतो, तो उचलून घ्या. बाटली धुवायचा लांब ब्रश नळीत घाला. नसेल तर जाड तारेला कापड गुंडाळा. पलीकडून उजेड स्वच्छ दिसेपर्यंत ओढा. वरच्या छिद्रांत मसाला, चरबी, गंज अडकलेला असतो. ती छिद्रं एकेक करून बारीक तारेने मोकळी करा, वरून तारेचा ब्रश आडवा फिरवा. उभा फिरवला तर घाण छिद्रातच दाबली जाते. परत बसवताना जेट नळीच्या तोंडात बरोबर मध्यावर आलं पाहिजे. हे फार जण चुकतात. बर्नर जागेवर ‘बसल्यासारखा’ वाटतो, पण जेट नळीच्या बाहेर राहिलेलं असतं.

जेटला मात्र सुई, स्टोव्हची पिन, काहीही लावू नका. आपल्या घरांत रॉकेलच्या स्टोव्हची सवय जुनी आहे, भोक बुजलं की पिन मारायची. स्टोव्हला ते चालायचं. गॅसच्या जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं, पितळ मऊ असतं आणि पिनेने ते पसरतं. भोक पसरलं की गॅस जास्त, हवा तेवढीच, ज्योत पिवळी आणि भांडी काळी. दिसायला जाळ मोठा, पण आच कमी आणि काजळी जास्त. जेट काढून गरम साबणाच्या पाण्यात टाका, तासाभराने फुंकून बघा. तरी मोकळं झालं नाही तर त्याच मापाचं नवं घ्या.

आता थंडी. माझ्या मते तुमच्या अडचणीत हिचा वाटा मोठा आहे, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात.

टाकीत गॅस नसतो, पातळ द्रव असतो. कॉक उघडला की त्या द्रवाची वाफ होते आणि ती वाफ आपण जाळतो. पाण्याची वाफ करायला चूल लागते, तसं याही द्रवाला वाफ व्हायला उष्णता लागते. ती तो टाकीच्या पत्र्याकडून घेतो आणि पत्रा बाहेरच्या हवेकडून. आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळतो, त्याला आपल्या थंडीचं काहीच वाटत नाही. ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली उकळतो. म्हणजे टाकीतला द्रव शून्याजवळ गेला की ब्युटेनमधून जोर येत नाही. वापरताना प्रोपेन लवकर निघून जातो, त्यामुळे टाकी संपत आली की उरतो तो जास्त करून ब्युटेन.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे शून्य अंश? बरोबर आहे. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरातच पारा 3.5 अंशांवर आला होता, आणि शेतात, बोरच्या जंगलाकडच्या उघड्यावर तर गावापेक्षा जास्तच गारठा असतो. शिवाय गॅस जोरात ओढला की टाकीतला द्रव बाहेरच्या हवेपेक्षाही बराच थंड होतो. ग्रिल अर्धा तास चालल्यावर टाकीच्या खालच्या भागाला हात लावून बघा. वरचा भाग साधा, खालचा एकदम गार, कधी दव जमलेला. आपली हवा हिवाळ्यात कोरडी असते, त्यामुळे दव दिसलंच पाहिजे असं नाही. हातालाच विचारा. त्यात टाकी पाव भरलेली असेल तर द्रव पत्र्याच्या थोड्याच भागाला लागतो, म्हणजे उष्णता घ्यायला जागाही कमी.

घरच्या शेगडीला हे कधी जाणवत नाही, कारण तिची भूक लहान आहे. तुमच्या ग्रिलच्या मागे पट्टी असेल, त्यावर बीटीयू किंवा किलोवॅट, म्हणजे ग्रिल किती आच देतो त्याचं माप, लिहिलेलं असतं. तीन बर्नरच्या ग्रिलवर 36,000 बीटीयू हा आकडा बऱ्याचदा असतो. म्हणजे साधारण साडेदहा किलोवॅट, म्हणजे तिन्ही फुल केल्यावर तासाला पाऊण किलोपेक्षा जरा जास्त गॅस. घरची शेगडी वरण-भाताला यातला लहानसा हिस्सा घेते. घरचा रेग्युलेटरही त्याच हिशोबाने बनवलेला आहे. दिवाळीत संध्याकाळी हवा उबदार, टाकी नवी, त्यामुळे कसंबसं निभावलं. आता सगळंच आखूड पडतंय, असं मला वाटतं.

यावर इलाज म्हणजे मोठी आणि भरलेली टाकी. 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्या. तिचा पत्रा मोठा, द्रव जास्त, त्यामुळे वाफ देण्याची ताकदही जास्त. सोबत ग्रिलच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रेशरचाच, पण तेवढा गॅस देऊ शकणारा रेग्युलेटर एजन्सीकडून घ्या. एका टाकीने भागत नसेल तर एजन्सीच्या माणसाकडून दोन टाक्यांची जोडणी करून घ्या, टी (तीन तोंडांचा जोड) लावून घरी जुगाड नको. आणि आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगतो. पाहुण्यांकडून पैसे घेऊन जेवण देता, तर घरगुती टाकी तिथे वापरणं कायद्याला धरून नाही. उद्या काही झालं तर विम्याचाही प्रश्न येईल. हुरड्याच्या एका रविवारच्या कमाईतून ही सोय होते.

टाकी आडवी करू नका. तिला गरम पाण्याच्या टपात ठेवू नका, शेकोटीजवळ ओढू नका. संपत आलेली टाकी आडवी करून ‘अजून दोन भाकरी निघतील’ म्हणणारे घरोघरी आहेत. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये जातो, आणि तो द्रव बर्नरवर पोचला तर जाळ हातभर उसळतो.

आता हाय प्रेशर रेग्युलेटरचं. घरगुती गॅस 30 मिलिबार दाबाच्या आसपास येतो आणि झाकणाचे ग्रिल बहुतेक 28 ते 30 मिलिबारसाठीच बनलेले असतात. तुमच्या पट्टीवर हा आकडा लिहिलेला असेल, बघून घ्या. हाय प्रेशर रेग्युलेटर ढाब्याच्या भट्टीसाठी असतो, तिचा बर्नर, तिचा कॉक, तिचा पाइप सगळं जाड असतं. तो सहज वीस-तीस पट प्रेशर सोडू शकतो. ग्रिलच्या पातळ कॉकमध्ये ते घुसलं की ज्योत छिद्र सोडून वर उडते, भरभर आवाज करते, मध्येच विझते आणि न जळलेला गॅस झाकणाखाली साठतो. एका लग्नाच्या स्वयंपाकात असं केलेला ग्रिल मी दुसऱ्या दिवशी पाहिला. दोन बटणं वितळून खाली ओघळली होती आणि पाइपला, जिथे तो कॉकला जोडतात तिथे, फुगा आला होता. कुणाला इजा झाली नाही, पण त्या पाइपवर बोट ठेवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुमच्याकडे लहान मुलं हुरडा खायला येतात, भाऊ. हे होऊ देऊ नका.

पाइपही बघा. तुमचा किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. टाकी दूर दिसायला नको म्हणून दहा-बारा फुटांचा पाइप टाकलेला मी शेतावर पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. लांबी वाढली की प्रेशर घटतं. दीड मीटरच्या आत ठेवा, आयएसआय खुणेचा, तारेचा थर असलेला सुरक्षा पाइप घ्या आणि छापलेल्या मुदतीवर बदला. टेबलाच्या पायाखाली दबलाय का, वळणावर मुडलाय का, शेतातल्या उंदरांनी कुरतडलाय का, तेही बघा. काहीही जोडलं, काढलं की सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून कधीच बघू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून टाकी खड्ड्यात किंवा तळघरासारख्या जागेत नको. गळती आटोक्यात येत नसेल तर 1906 या क्रमांकावर फोन करा, तो दिवस-रात्र चालू असतो.

ग्रिल कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून पाठवलेला असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. तिकडे नैसर्गिक गॅसचे ग्रिलही मिळतात. त्यांची जेट मोठी असतात, आपल्या टाकीवर ते नीट चालत नाहीत, आणि जेटचा संच कंपनीचाच लागतो. शिवाय तिकडच्या रेग्युलेटरमध्ये जास्त प्रवाह आला की गॅस थेंबाथेंबाने सोडणारी सुरक्षा असते. बर्नरचं बटण आधी उघडून मग टाकी उघडली की ती अडकते आणि ग्रिल कोमटच राहतो. सगळं बंद करून, पाइप सोडून पाच मिनिटं थांबायचं, पाइप परत जोडायचा, मग टाकी सावकाश उघडायची आणि शेवटी बर्नर. आपल्याकडे घेतलेल्या ग्रिलला हा प्रश्न सहसा येत नाही.

राहिली तिसरी तक्रार, ज्योत चांगली असूनही काटा न चढण्याची. आधी काटाच तपासा. झाकणावरचं तापमापक काढून त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरा. आपल्या भागात पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे 70 दाखवत असेल तर ग्रिलला दोष देऊ नका. शिवाय तो काटा वरची हवा मोजतो, जाळी नाही. मी हात वापरतो: जाळीपासून चार-पाच इंचांवर तळवा धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच भाजायला पुरेशी आहे. पाच-सहा सेकंद आरामात राहिला तर नाही.

शेतावरचा वारा हा मोठा चोर आहे. ग्रिलची मागची बाजू उघडी असते, पश्चिमेचा वारा तिथून शिरला की गरम हवा पुढून निघून जाते. ग्रिल वाऱ्याकडे पाठ करून ठेवू नका. तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, आडोसा करायचा मोह होईल, पण तो पेटतो. पत्र्याचा करा, हातभर लांब ठेवा, आणि टाकीभोवती हवा खेळती राहू द्या. जाळीवर पूर्ण फॉइल अंथरत असाल तर ते बंद करा. वर आच येत नाही आणि खालची उष्णता बटणांकडे वळते. पेटवल्यावर झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं रिकामा तापू द्या. आणि दह्यात बुडवलेली, फ्रिजमधून काढलेली दोन किलो कोंबडी एकदम टाकली तर कुठलाच ग्रिल तग धरणार नाही. दही निथळू द्या, अर्धी-अर्धी टाका, मधे झाकण कमी उघडा.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या दुपारी नळ्या काढून उजेडाला धरल्या असत्या, संध्याकाळी एक-दोन-तीन बर्नरची परीक्षा केली असती, आणि सोमवारी एजन्सीत 19 किलोच्या जोडणीचा अर्ज दिला असता. तोवर येत्या रविवारी फक्त दोन बर्नर लावून, भरलेल्या टाकीवर कोंबडी करा. वांगी मात्र ग्रिलवर घालूच नका. भरिताच्या वांग्याला पऱ्हाटीचाच जाळ पाहिजे, पाहुणेही त्यासाठीच येतात.

हंगाम संपला की नळ्यांच्या हवेच्या खिडक्यांवर बारीक जाळी बसवा किंवा फडकं घट्ट बांधून ठेवा, म्हणजे कुंभारीण आत जाणार नाही. फडकं बांधलंत तर टाकीच्या रेग्युलेटरला एक चिठ्ठी अडकवा: ‘फडकं काढल्याशिवाय पेटवू नये.’ पुढच्या वर्षी पेटवणारा कदाचित तुम्ही नसाल.